'स्क्रीम'ची सिडनी प्रेस्कॉट: आईविना पोर आणि ते दार

निशाचरी

(आधीच सांगते, खाली सगळ्या भागांतले खुनी उघड केले आहेत. पाहिले नसतील तर पाहून मग या.)

परवा भाचीबरोबर पहिला 'स्क्रीम' परत पाहिला. ती आता अठराची. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा साधारण तेवढीच होते. सिनेमा संपला, नावं वर सरकायला लागली आणि ती म्हणाली, "मावशी, हिची आई जाऊन एकच वर्ष झालंय आणि गावात कुणाला त्याचं काहीच नाही."

मी गप्पच झाले. इतकी वर्षं या सिनेमाबद्दल बोलताना मी खुन्याचा मुखवटा, त्याचे फोन, सुरुवातीची ती ड्र्यू बॅरीमोरची बारा-तेरा मिनिटं एवढंच बोलत आले. सिडनीच्या आईबद्दल मी कधी दोन वाक्यं सलग बोलले नव्हते. म्हणून हा धागा.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी: डिसेंबर १९९६. दिग्दर्शक वेस क्रेव्हन, लेखक केविन विल्यमसन, सिडनीच्या भूमिकेत नेव्ह कॅम्पबेल. कॅलिफोर्नियातलं वुड्सबोरो नावाचं काल्पनिक गाव. सिडनीची आई मॉरीन हिच्यावर अत्याचार करून तिचा खून झालेला आहे. सिडनीच्या साक्षीवरून कॉटन वेअरी नावाचा माणूस तुरुंगात फाशीची वाट पाहत बसलाय. आणि गावभर कुजबुज चालू आहे की मॉरीन 'तसलीच' होती. वर्षश्राद्ध जवळ आलेलं, वडील कामासाठी बाहेरगावी, आणि पोरगी घरात एकटी.

आता मला जे म्हणायचंय ते. या मालिकेतले पहिले चार भाग समोर ठेवा आणि खुनी कोण कोण निघतात ते बघा. पहिल्यात बिली, सिडनीचा प्रियकर. त्याच्या वडिलांचे मॉरीनशी संबंध होते आणि त्यापायी त्याची आई घर सोडून गेली, म्हणून त्याने मॉरीनला मारलं. दुसऱ्यात बिलीची आई, मुलाचा सूड घ्यायला आलेली. तिसऱ्यात रोमन, मॉरीनला लग्नाआधी झालेला मुलगा, जो तिच्या दारात गेला आणि तिने त्याला आत घेतलं नाही. चौथ्यात जिल, मॉरीनच्या बहिणीची मुलगी. प्रत्येकाबरोबर एखादा साथीदार असतो किंवा नसतो, पण मुखवटा ओढला की आतून नात्यातलं, उंबऱ्याच्या आतलं माणूस निघतं. बाहेरचा वेडा खुनी गावात शिरलाय अशी ही गोष्टच नाही. एका घरातलं भांडण आहे आणि ते मेलेल्या बाईच्या नावाने चाललंय.

सिडनी जीव वाचवायला लढतेच. पण माझ्या मते तिची खरी लढाई 'माझ्या आईची गोष्ट कोण सांगणार' याची आहे. पहिल्या भागात ती आईबद्दल एक शब्द ऐकून घेत नाही, बातमीदार गेल वेदर्सच्या थोबाडीत ठोसा लगावते. बिली तिला म्हणतो की माझीही आई गेली, मी सावरलोच की. त्यावर तिचं उत्तर आहे की तुझी आई गाव सोडून गेली आहे, शवपेटीत पडलेली नाही. माझ्या मते अख्ख्या मालिकेतलं सगळ्यात खरं बोलणं ते आहे. आणि तिसऱ्या भागापर्यंत ती आईचं तरुणपण ऐकायला तयार होते: दुसऱ्या नावाने हॉलिवूडमध्ये गेलेली मुलगी, तिथल्या निर्मात्याच्या पार्टीत तिच्यावर झालेला अत्याचार. हे ऐकताना सिडनीच्या तोंडावर लाज नाही. राग आहे, आणि तोही आईवरचा नाही.

आता ते दार. सिडनीच्या खोलीत भिंतीतल्या कपाटाचं दार उघडलं की ते खोलीच्या दाराला आडवं येतं आणि खोलीचं दार चार बोटांच्या वर उघडत नाही. सुरुवातीला वडील आत डोकावायला येतात तेव्हा हे दिसतं आणि आपण विसरून जातो. नंतर खुनी मागे लागतो आणि ती तेच दार ओढते. आमच्या जुन्या घरात माझ्या आतेबहिणीच्या खोलीत हुबेहूब असंच होतं. फडताळाची फळी पुढे आली की दार अडायचं. चौकटीचा रंग त्या जागी खरवडून गेला होता, आतलं पिवळं लाकूड दिसायचं. कुणी रागावलं की ती मुद्दाम फडताळ उघडून बसायची. घरात आजी, काका, चुलते सगळे, पण पोरीला स्वतःची अशी तेवढीच चार बोटं. त्यामुळे तो प्रसंग आला की आजही माझ्या पोटात कालवतं.

तुम्हाला सिडनी कशी वाटते? सविस्तर लिहा.

तिकीटबारी

निशाचरी ताई, विषय छान काढलात. आमच्याकडे हा सिनेमा आला तो व्हीसीडीवर, दोन तबकड्यांत. पहिली तबकडी संपायची आणि आम्ही दुसरी घालेपर्यंत खोलीतला दिवा लावून ठेवायचो.

तुम्ही न लिहिलेला एक मुद्दा. 'फायनल गर्ल' हा शब्द कॅरल क्लोव्हर या अभ्यासक बाईंनी १९८७च्या लेखात रूढ केला. शेवटी उरते ती एकटी मुलगी. बहुतेकदा सोज्वळ, जागरूक, मुलांच्या भानगडीत न पडणारी. १९७८च्या 'हॅलोवीन'मधली लॉरी स्ट्रोड हा त्याचा नमुना. 'स्क्रीम'मध्ये रँडी हा पोरगा पार्टीत उभा राहून नियमच वाचून दाखवतो: शरीरसंबंध ठेवायचा नाही, दारू-नशा करायची नाही, आणि 'आलोच हं' असं कधीही म्हणायचं नाही. तो खाली हे सांगत असताना वरच्या खोलीत सिडनी बिलीबरोबर पहिल्यांदा आपल्या मर्जीने जाते. आणि तरीही वाचते.

आपल्याकडच्या पोरांनी तेव्हा यावर टाळ्या पिटल्या, पण त्यातलं मोठेपण मला फार उशिरा कळलं. ज्या गावात आईला चारित्र्यावरून मरणानंतरही सोडलं नाही, त्या गावात पोरीला 'शुद्ध राहिलीस तरच जगशील' असा नियम लावलेला आहे. सिनेमा तो नियम मोडतो. तिचं वाचणं तिच्या डोक्यावर आणि हिमतीवर आहे.

आणि फोनवरचं तिचं पहिलं बोलणं आठवा. मी भयपट बघत नाही, त्यातल्या बाया दारातून बाहेर पळायचं सोडून जिन्याने वर पळतात, असं ती म्हणते. पाच मिनिटांत तिच्यावरच ती वेळ येते, कारण पुढच्या दाराची साखळी निघत नाही. तेव्हापासून मी पडद्यावरच्या घाबरलेल्या बाईला मूर्ख म्हणणं सोडलं.

बाभूळ

तिकीटबारी काकांना +१. पण माझं मत नॅन्सीला. 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट', १९८४, तोही क्रेव्हनचाच. नॅन्सी घरभर सापळे रचते, स्वप्नात येऊन मारणाऱ्या फ्रेडीला स्वप्नातून ओढून बाहेर आणते आणि शेवटी त्याच्याकडे पाठ फिरवून म्हणते की तुला दिलेली सगळी ताकद मी परत घेतली. सिडनी नॅन्सीचीच धाकटी बहीण आहे. आधी थोरलीला मान द्या.

निशाचरी

बाभूळ, मान आहेच. फक्त एक फरक. नॅन्सीला तिसऱ्या भागात मारलं. लॉरीला तर कितीदा मारलं आणि कितीदा 'ते घडलंच नव्हतं' म्हणून परत आणलं याचा हिशेब ठेवता येत नाही. सिडनीची गोष्ट एका रेषेत चालली आहे. तिचं वय वाढतं, तिच्यावरचे व्रण तसेच राहतात, मागचं काही पुसलं जात नाही. माझ्यासाठी तिचं वजन त्यात आहे.

अभंग

मी जरा उलटं लिहितो, राग मानू नका.

सिडनीबद्दलचं सगळं मान्य. पण हे सिनेमे तिच्या शेजारच्या मुलींना कसे मारतात तेही पाहा. केसीला (ड्र्यू बॅरीमोरने केलेली मुलगी) सुरुवातीलाच, आईवडील अंगणात पोचलेले असताना. सिडनीच्या मैत्रिणीला, टेटमला, गॅरेजच्या दारात अडकवून. तिथे कॅमेरा चवीने थांबतो. एका मुलीला आदराने जगवायचं आणि बाकीच्यांचं मरण मिरवायचं, याला मी बाईची बाजू घेणं म्हणू शकत नाही.

आणि मॉरीन. निशाचरी ताई, तुम्ही म्हणता की आईची गोष्ट कोण सांगणार ही लढाई आहे. मग सांगा, मॉरीनला स्वतःला कुठे बोलू दिलंय? ती फोटोत आहे, गावाच्या तोंडात आहे, टेपवर आहे. तिसऱ्या भागात तिचा आवाज सिडनीला फोनवर ऐकू येतो, पण तोसुद्धा खुन्याच्या आवाज बदलायच्या यंत्रातून.

ध्वनीवाला

अभंगरावांचं शेवटचं वाक्य वाचून मी लॉगिन केलं. मी ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे, म्हणून आवाजाबद्दल थोडं.

घोस्टफेसचा, म्हणजे त्या मुखवटेवाल्या खुन्याचा, फोनवरचा आवाज रॉजर एल. जॅक्सन यांचा. क्रेव्हनने त्यांना चित्रीकरणात कलाकारांच्या समोर येऊ दिलं नाही. ते आडोशाला बसून खरोखर फोनवर बोलायचे, आणि ड्र्यू बॅरीमोर किंवा नेव्ह कॅम्पबेल त्या आवाजाला त्या क्षणी उत्तर द्यायच्या. पुष्कळ ठिकाणी असं होतं की नटी शून्यात बघून बोलते आणि पलीकडचा आवाज नंतर चिकटवला जातो. तसं केलं की दोन वाक्यांमधली जागा मेलेली असते. इथे ती जिवंत आहे. दाराबाहेरच्या ओसरीवर उभी राहून सिडनी त्याला 'बघतोयस ना, मग मी आत्ता काय करतेय सांग' असं आव्हान देते आणि नाकात बोट घालते. उत्तर येत नाही. ती अर्धी हसते. तो थांबलेला श्वास नंतर बसवता येत नाही.

आणि त्याच सिनेमाच्या शेवटी काय होतं? बिलीचा साथीदार स्टू, त्याच्या घरातून सिडनी गायब होते. फोन वाजतो आणि बिली-स्टूला त्याच यंत्रातून सिडनी ऐकू येते. मग मुखवटा घालून ती कपाटातून बाहेर येते, हातात छत्री. जो आवाज तिला छळत होता तो ती हातात घेते. स्टूच्या घरातला तो पार्टीचा लांबलचक भाग रात्रीमागून रात्री, एकवीस रात्री चित्रित होत होता. शेवटी सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसणारा थकवा नुसत्या रंगभूषेचा नसणार असं मला नेहमी वाटतं.

नेपथ्य

कुणी दुसऱ्या भागाबद्दल लिहीना म्हणून मी लिहिते. तो मला सगळ्यात जवळचा.

डिसेंबर १९९७, पहिल्यानंतर वर्ष व्हायच्या आत आलेला. सिडनी आता विंडसर कॉलेजात नाटक शिकते आणि रंगमंचावर कॅसांड्रा करते. कॅसांड्रा म्हणजे ट्रॉयची राजकन्या. तिला पुढचं खरं दिसतं पण शाप असा की तिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. तालमीत मुखवटे घातलेला कोरस तिच्याभोवती फिरतो आणि त्या गर्दीत तिला घोस्टफेस दिसतो. दिसतो की भास होतो, ते ठरत नाही.

आता कॉटन आठवा. सिडनीने त्याचा कोट ओळखला, साक्ष दिली, आणि सगळ्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला. पण ती चुकली होती. म्हणजे ही उलटी कॅसांड्रा आहे. हिचं खोटं ठरलेलं बोलणं सगळ्यांनी खरं मानलं आणि एक निरपराध माणूस फाशीच्या कोठडीत गेला. भयपटाच्या नायिकेला लेखकाने एवढी मोठी चूक दिली आणि ती मिटवली नाही, याचं मला फार कौतुक आहे. शेवटी बिलीची आई सिडनीच्या मानेला सुरी लावून उभी असते आणि पिस्तूल असतं कॉटनच्या हातात. सिडनी मेली तर तुझ्या एकट्याच्या मुलाखती होतील, असं ती त्याला सुचवते. तो विचार करतो! मग सिडनीच्या बाजूने गोळी झाडतो. बाहेर पत्रकार धावत येतात तेव्हा सिडनी त्यांना कॉटनकडे पाठवते, नायक तो आहे म्हणते. माफी मागायला तिच्याकडे दुसरे शब्द नव्हते असं मी समजते. तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला खुनी त्याच कॉटनला 'सिडनी कुठे आहे' असं विचारतो, आणि सिडनीचा पत्ता त्याच्याकडून निघत नाही. तो मरतो.

आणि डेरेक, सिडनीचा कॉलेजातला प्रियकर. त्याला बांधून ठेवलेलं, खरा खुनी म्हणतो हा माझा साथीदार, आणि सिडनी त्याला सोडवता सोडवता थबकते. तेवढ्या वेळात त्याला गोळी लागते. पहिल्या प्रियकराने दगा दिला त्याची किंमत दुसऱ्याने दिली. हा प्रसंग मी एकदाच नीट पाहू शकले आहे.

सखी२२

पहिल्यांदाच लिहितेय इथे. एरवी वाचून जाते.

मी संकटात असलेल्या स्त्रियांसाठीच्या फोनसेवेवर काही वर्षं काम केलं. तिसऱ्या भागात (२०००) सिडनी तेच करते. डोंगरात एकटी राहते, दाराला फाटक, फाटकाला आकडे टाकायचं कुलूप, सोबतीला कुत्रा, आणि फोनवर दुसऱ्या नावाने, लॉरा म्हणून, बायकांशी बोलते. टीका करणारे म्हणतात की त्या भागात ती अर्धा वेळ गोष्टीपासून लांब आहे, तिला काही कामच नाही. मला मात्र तिचं तेच काम दिसतं.

आम्हालाही खरं नाव सांगायचं नसे. समोर एक वही असायची. पलीकडची बाई बोलत असताना मी कोपऱ्यात बारीक रेघा मारत जायचे, ती गप्प झाली की रेघ थांबवायची, म्हणजे ती किती वेळ गप्प आहे ते मला कळायचं. कधी कधी तीन-तीन मिनिटं नुसता श्वास. आपण फोन ठेवायचा नाही एवढंच काम.

ज्या यंत्राने सिडनीचं आयुष्य उद्ध्वस्त केलं, फोन, त्याच्यासमोर ती रोज जाऊन बसते आणि दुसरीला म्हणते, मी ऐकतेय. घरी घंटी वाजली तरी जिचं काळीज हललं असतं, ती. मी हा भाग पाहिला तेव्हा त्या कामात नव्हते. नंतर गेले. तिच्यामुळेच गेले असं म्हणणार नाही, पण पहिल्या दिवशी रिसीव्हर उचलताना ती आठवली होती.

अभंग

सखीताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तिसरा भाग मी आळसाने अर्ध्यावर सोडला होता. परत बघतो.

कस्तुरी_टोरांटो

नेव्ह कॅम्पबेल आमच्या ऑन्टारियोची, गेल्फची. इथल्या राष्ट्रीय बॅले शाळेत शिकलेली, पुढे दुखापतींमुळे नाच सोडून अभिनयात आली. सिडनी पळते, घसरते, उलटी वळते ते नीट पाहा, अंगात शिस्त असलेल्या मुलीचं ते पळणं आहे. दुसऱ्या भागात पोलिसांच्या गाडीत पुढच्या सीटवर खुनी बेशुद्ध पडलाय आणि बाहेर पडायला त्याच्या अंगावरूनच सरपटत जायचं असतं, तिथे तिने एकेक बोट कसं टेकवलंय ते पाहा.

दुसरी गोष्ट सहाव्या भागाची (२०२३). त्यात सिडनी नाही, कारण देऊ केलेलं मानधन आपण या मालिकेला दिलेल्या मोलाच्या जवळपास जात नाही असं नेव्हने जाहीर सांगितलं आणि नकार दिला. १९९६चा सिनेमा साधारण दीड कोटी डॉलरमध्ये झाला आणि जगभरात सतरा कोटींच्या वर कमावून गेला. पंचवीस वर्षं ती उभी होती म्हणून बाकीचं उभं राहिलं. तिने 'नाही' म्हटलं तेव्हा मला आनंद झाला, आणि त्या भागाचं तिकीट काढताना वाईटही वाटलं.

२०२६च्या सातव्या भागात ती परत आहे, दिग्दर्शनाला खुद्द केविन विल्यमसन. सिडनीच्या मुलीचं नाव टेटम ठेवलंय. अभंग, तुम्ही गॅरेजच्या दारातल्या ज्या मुलीबद्दल लिहिलंत तिचंच नाव. सिडनीने तरी तिला विसरलेलं नाही.

पाणपोई

मी एकही भाग पाहिलेला नाही, आता बघावासा वाटतोय. रक्त फार झेपत नाही. कुठून सुरू करू? हिंदीत काही आहे का यावर?

तिकीटबारी

पाणपोई, पहिल्यापासूनच. सुरुवातीचा केसीचा प्रसंग सगळ्यात कठीण आहे, तो दिवसाउजेडी आणि कुणाच्या तरी सोबतीने पाहा. तो पार झाला की पुढचं झेपेल. हिंदीत २००३चा पवन कौल यांचा 'श्श्श्श...' याच साच्यावरचा आहे, तनुजांची मुलगी तनिषा नायिका. पण आईचं जे दुखणं निशाचरी ताईंनी वर मांडलंय त्यासाठी मूळच पाहा.

निशाचरी

सगळ्यांचे मनापासून आभार. अभंग, तुम्हाला उत्तर द्यायला दोन दिवस घेतले कारण तुमचा मुद्दा मला टोचला. टेटमच्या मरणाबद्दल तुम्ही बरोबर आहात, तिथे कॅमेरा जितका वेळ रेंगाळतो त्याचं समर्थन मी करणार नाही. मॉरीनबद्दलही बरोबर आहात. 'आईची गोष्ट कोण सांगणार' असं मी लिहिलं तेव्हा मनात फक्त मुलगी होती. आईला स्वतःचा आवाज नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

काल रात्री भाचीबरोबर तिसरा पाहिला, तुमचं वाक्य डोक्यात ठेवून. फोनवर मॉरीनचा आवाज येतो तो प्रसंग आल्यावर मी भाचीला सांगितलं की हा आवाज खुन्याने यंत्रातून काढलाय. ती म्हणाली, "पण सिडनीला आईचा आवाज कसा होता ते आठवत असेल ना, म्हणून तर ती घाबरते." मला वाटतं मॉरीनचा खरा आवाज जिथे कुठे शिल्लक असेल तिथे तोच आहे, सिडनीच्या कानात. आपल्याला तो ऐकवलेला नाही.

आणि शेवट. सिडनी घरी येते. फाटक मागे उघडं टाकते, आकडे दाबत नाही. आतल्या खोलीत तिचा जुना मित्र डुई, गेल आणि पोलीस अधिकारी किनकेड सिनेमा लावून बसलेले. ती आत जायला निघते आणि तिच्या पाठीमागे घराचं दार वाऱ्याने आपोआप उघडतं. ती वळून बघते. पहिल्या भागात दार अडवायला कपाटाचं दार ओढणारी हीच पोरगी. ती दाराकडे बघते, बंद करत नाही, आणि आत जाऊन त्यांच्यात बसते.

भाचीने रिमोट माझ्या हातातून घेऊन तेवढं परत लावलं. दोनदा.

चौथा शनिवारी बघणार आहोत. झाला की इथेच लिहिते.